अठरा, सत्तावीस, साडेएकतीस

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, कोल्हापुरात पावसाने नुकताच जोर धरला असताना, माझे दिवसभर काम करणारे इन्सुलिन बदलले. सतरा वर्षे मी ग्लार्जिन घेत होते. आता डेग्लुडेक घेते. इन्सुलिन टोचण्याचे एक पेन बाजूला ठेवून दुसरे हाती घेण्यास मिनिटभरही लागले नाही. त्या नव्या पेनशी माझा हिशेब जुळण्यास मात्र जवळजवळ सहा आठवडे लागले, आणि त्यातला पहिला आठवडा मी निव्वळ स्वतःच्या उतावळेपणाने बिघडवला. हे लिखाण मुख्यतः त्या आठवड्याविषयी आहे.

ज्यांच्या घरात टाइप वन मधुमेह नाही, त्यांच्यासाठी थोडे आधीपासून सांगावे लागेल. आपण काहीही खाल्ले नाही तरी यकृत रात्रंदिवस थोडी थोडी साखर रक्तात सोडत असते. या साखरेसाठी जे इन्सुलिन लागते ते बेसल, आणि भात-भाकरीसाठी प्रत्येक जेवणाआधी घ्यायचे, झटपट काम करणारे इन्सुलिन ते वेगळे. माझ्या स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी १९९७ साली, मी बारा वर्षांची असताना, माझ्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केल्या, त्यामुळे ही दोन्ही इन्सुलिने मला बाहेरून घ्यावी लागतात. ‘गोळ्यांवर भागत नाही का?’ असे अजूनही प्रत्येक लग्नकार्यात कोणीतरी विचारते. भागत नाही.

त्या काळी माझे बेसल म्हणजे दुधासारखे गढूळ दिसणारे एनपीएच इन्सुलिन होते. बाटली तळहातांमध्ये हलकेच घोळवायची, लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढून घ्यायचे आणि टोचायचे. हे काम आई करत असे. एनपीएचचा जोर टोचल्यानंतर काही तासांनी शिखरावर जातो, म्हणून शाळेत अकरा वाजता, मराठीचा तास चालू असला तरी, मला डबा उघडण्याची मुभा होती आणि वर्गातील मुलींना तिचा हेवा वाटत असे. (जाता जाता एक सूचना करते, कारण हा घोटाळा मी ओळखीच्या एका घरात होताना पाहिला आहे. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिट असते आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाची असते. पेनमधले इन्सुलिन मात्र मिलिलिटरला १०० युनिट असते. पेन बिघडले म्हणून त्यातील इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात.)

२००८ मध्ये ग्लार्जिन सुरू झाले तेव्हा मला खरोखर सुटल्यासारखे वाटले. पाण्यासारखे स्वच्छ, घोळवण्याची गरज नाही, दिवसातून एकदा घेतले की झाले, आणि अकराच्या डब्याची सक्तीही संपली. ग्लार्जिनचे द्रावण आम्लधर्मी असते. त्वचेखालच्या उदासीन वातावरणात गेले की त्याचे बारीक कण साकळतात आणि ते हळूहळू विरघळत रक्तात उतरतात. कागदावर हे काम चोवीस तास चालते. माझ्या अंगात ते वीस-एकवीस तासच चाले. रात्री दहाला टोचलेले इन्सुलिन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास संपू लागे आणि बँकेतून घरी येऊन चहाही घेतलेला नसताना शुगर चढत जाई. त्यावर उपाय म्हणून डॉक्टरांनी डोस दोन भागांत वाटला : सकाळी १२ आणि रात्री १०. संध्याकाळची चढण थांबली, पण रात्रीचे दहा युनिट मध्यरात्रीनंतर जोर धरत आणि पहाटे तीनच्या आसपास मला खाली ओढत.

या लोविषयी, म्हणजे शुगर अशी फार खाली जाण्याविषयी, कोणाजवळ तक्रार करायची मला सवय नव्हती. मी त्यांची सोय लावली होती. आमचे घर शुक्रवार पेठेत आहे. संध्याकाळी हे गंगावेशीत जाऊन तिथल्या कट्ट्यावरून म्हशीचे धारोष्ण दूध आणतात, आणि निजताना त्यातले पेलाभर दूध मी इन्सुलिन न घेता पीत असे. दोनशे मिलिलिटर दुधात सुमारे दहा ग्रॅम दुग्धशर्करा असते, शिवाय स्निग्धांशामुळे ती सावकाश उतरते, त्यामुळे बहुतेक रात्री निभावून जात. उरलेल्या रात्री यांच्या फोनवरचा पहाटे तीनचा गजर होता. हे उठत, माझ्या कपाळाला हात लावून पाहत आणि घाम लागला तर बोटाला सुई टोचून शुगर तपासत. अठ्ठावीस वर्षांच्या मधुमेहानंतर लोची लक्षणे मला पूर्वीसारखी जाणवत नाहीत. हात थरथरणे, काळजाची धडधड या खुणा उशिरा येतात किंवा येतच नाहीत. मे महिन्यात एका रात्री मीटरवर ४१ आला, आणि मी उठून बसून यांच्याशी बोलत होते, असे हे सांगतात. मला त्यातले काहीही आठवत नाही.

त्या आकड्यावरून डॉक्टरांनी डेग्लुडेकचा विषय काढला. त्यांनी मला टाइप वनच्या रुग्णांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीविषयी सांगितले. लो होण्याचा धोका जास्त असलेल्या ५०१ जणांनी तीत भाग घेतला होता, आणि प्रत्येकाने दोन्ही इन्सुलिने आळीपाळीने ३२-३२ आठवडे घ्यायची होती. कोणते इन्सुलिन चालू आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी दोन्हींवर जवळपास सारखेच राहिले, मात्र डोस स्थिरावल्यानंतरच्या काळात डेग्लुडेकवर रात्रीचे लो सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. हे ऐकून मला जितका आनंद झाला, त्याहून जास्त शंका आली. एचबीए१सी सुधारणार नसेल, तर जास्त किमतीचे पेन कशासाठी घ्यायचे, हा प्रश्न बँकेत नोकरी करणाऱ्या बाईच्या मनात येणारच. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “ताई, तुमचे एचबीए१सी चांगले आहे, कारण त्यात तुमचे लोसुद्धा मिसळलेले आहेत.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दिवसातून दोनदा घेतलेल्या बेसलवरून डेग्लुडेकवर जाताना एकूण डोस साधारण वीस टक्क्यांनी कमी करून सुरुवात करावी, असा संकेत आहे. माझ्या २२ युनिटांचे १८ झाले. (हा आकडा माझा आहे. कोणीही तो उचलून आपल्याला लावू नये.) “पहिले तीन-चार दिवस शुगर जास्त दिसेल. डोसला हात लावायचा नाही. आठवड्याने मला आकडे दाखवा,” असे त्यांनी दोनदा बजावले, आणि मी दोन्ही वेळा मान डोलावली.

सोमवारी सकाळी ग्लार्जिनचे शेवटचे बारा घेतले आणि रात्री दहाला डेग्लुडेकचे अठरा. मंगळवारी उपाशीपोटी १९६. बुधवारी २३१. अशा आकड्यांनी दिवस सुरू झाला की माझे डोके जड होते, तोंड कोरडे पडते आणि काउंटरवर समोर आलेल्या माणसाशी मी उगीच तुटक बोलते. सतरा वर्षे ग्लार्जिनवर काढल्यामुळे रात्री दोन युनिट वाढवले की सकाळी फरक दिसतो, ही माझी पक्की समजूत होती. बुधवारी रात्री मी वीस घेतले. गुरुवारी सकाळी २१४ दिसल्यावर ‘एवढ्याने काही हलले नाही’ असे म्हणून त्या रात्री बावीस घेतले. शुक्रवारी १५८, शनिवारी १०४. शनिवारी मी स्वतःवर इतकी खूश होते की डॉक्टरांना आकडे पाठवताना वाढवलेल्या डोसचा उल्लेख थोड्याशा ऐटीतच केला. त्यांचे उत्तर रविवारी आले, तोवर पहाटेची शुगर ७१ आणि दुपारच्या जेवणाआधीची ६२ झाली होती.

डोस तत्काळ अठरावर आणूनही सोमवार सुटला नाही. साडेअकराच्या सुमारास, शाखेत महिनाभराच्या पासबुकांची रांग लागलेली असताना, मला एका चेकवरची अक्षरी रक्कम तीनदा वाचूनही समजेना. शेजारच्या काउंटरवरील सहकारी म्हणाले, “मॅडम, पंखा वाढवू काय? घाम बघा केवढा आलाय.” मीटरवर ५४ होते. पंधरा ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घेतली; पंधरा मिनिटांनी ६६. पुन्हा तेवढीच घेतली, तेव्हा ९२ झाले आणि सोबत दोन बिस्किटे खाल्ली. ग्लार्जिनच्या काळात लो इथे संपला असता. त्या दिवशी दीड तासाने पुन्हा ६३ आले, संध्याकाळी पुन्हा ६८, आणि मंगळवारीही दुपारी एकदा तसेच झाले. चोवीस तासांत माझ्या पोटात जितकी साखर गेली, तितकी एरवी महिनाभरात जात नाही.

मंगळवारी रात्री मी जुन्या पासबुकाच्या मागच्या पानावर आकडेमोड करायला बसले. हे काम मी पहिल्या सोमवारीच करायला हवे होते. डेग्लुडेक त्वचेखाली गेल्यावर त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या तयार होतात, आणि त्या साखळ्यांच्या टोकांकडून एकेक रेणू सुटत रक्तात जातो; तिथेही तो रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहतो. त्यामुळे एका डोसचा निम्मा भाग संपण्यास सुमारे २५ तास लागतात आणि एकूण परिणाम ४२ तासांहून अधिक टिकतो. सोयीसाठी रोज निम्मे उरते असे धरू. पहिल्या रात्री १८. दुसऱ्या रात्री उरलेले ९ आणि नवे १८ मिळून २७. तिसऱ्या रात्री साडेतेरा आणि अठरा, म्हणजे साडेएकतीस. चौथ्या रात्री पावणेचौतीस. असे करत हा साठा छत्तिसाच्या जवळ जाऊन थांबतो, कारण तिथे रोज जेवढे संपते तेवढेच भरले जाते. मंगळवार-बुधवारच्या वाढलेल्या शुगरचा अर्थ डोस अपुरा आहे असा नव्हताच. साठा अजून भरलेला नव्हता, इतकेच. आणि मी मध्येच वीस व बावीस घातल्यामुळे गुरुवारी रात्रीच तो एकोणचाळिसाच्या घरात गेला होता, शनिवारपर्यंत त्रेचाळिसाच्या जवळ. रविवारी अठरावर परतूनही तो एका रात्रीत छत्तिसावर येणे शक्य नव्हते. डॉक्टरांनी मला अडवले होते ते या कारणाने, पण त्यांनी सांगितलेले वाक्य माझ्या कानांत ‘धीर धरा’ या नेहमीच्या उपदेशासारखे पडले, आणि अशा उपदेशांकडे दुर्लक्ष करण्याचा मला अठ्ठावीस वर्षांचा सराव आहे. त्यांनी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला असता तर मी नक्की थांबले असते, असे मला वाटते. यांना तसे वाटत नाही.

पुढे सतरा युनिटांवर डोस ठरला आणि चार-पाच दिवसांआड एका युनिटापेक्षा जास्त बदल करायचा नाही असा नियम मी पाळला. जुलैच्या मध्यावर बेसलची परीक्षा घेतली. संध्याकाळी साडेसहाला भाकरी आणि मुगाची आमटी असे साधे जेवण करायचे, नंतर काही खायचे नाही, आणि जेवणाचे इन्सुलिन उतरल्यावर रात्रभर दर तीन तासांनी शुगर पाहायची. बेसल योग्य असेल तर आकडे साधारण तीस मिलिग्रॅमच्या आत हलतात. माझे आले ते असे : साडेदहाला १२८, दीडला १२१, साडेचारला ११६, साडेसातला १३४. शेवटची वाढ पहाटेच्या संप्रेरकांची, ती अनेकांना होते. मी ते चार आकडे सकाळी स्वयंपाकघरात यांना वाचून दाखवले. “मग आज दूध कोण पिणार?” असे हे म्हणाले.

हा प्रश्न वाटतो तितका थट्टेचा नव्हता. नव्या बेसलवर निजताना पेलाभर दूध घेतले की माझी शुगर सकाळी चाळीस-पन्नासने जास्त येऊ लागली होती. म्हणजे इतकी वर्षे ते दूध मी माझ्यासाठी पीत नव्हते, रात्रीच्या दहा युनिटांना खाऊ घालत होते. असेच इतरही झाकलेले दोष वर आले. सकाळी घेतलेल्या बारा युनिटांचा जोर दुपारपर्यंत माझ्या नाश्त्याच्या चुका सावरून घेत असे. बेसल सपाट झाल्यावर पोहे उघडे पडले. एका डिशसाठी मी चार युनिट घेत होते आणि तेवढे पुरते अशी माझी समजूत होती, प्रत्यक्षात सहा लागत होते. रविवारच्या मिसळीचे गणित त्याहून अवघड आहे. पावाच्या स्लाइस शुगर लगेच चढवतात, आणि कटावरचा तेलाचा तवंग पचन लांबवून उरलेली चढण दोन-तीन तासांनी आणतो. आता निम्मे इन्सुलिन आधी आणि निम्मे दीड तासाने, असे मी करून पाहते. जमतेच असे नाही. तांबडा-पांढरा रस्सा त्या मानाने सज्जन आहे; त्रास होतो तो रश्श्यासोबतच्या भाताचा.

या बदलात मी काय गमावले, हेही लिहिले पाहिजे, कारण ते मला आधी कोणी सांगितले नव्हते. ग्लार्जिन दोन भागांत घेत असताना जोतिबाला चालत जायचे असले की त्या सकाळचे बारा मी आठ करत असे आणि डोंगर चढून जाई. डेग्लुडेकमध्ये ही सोय नाही. आज कमी केलेला डोस उद्या-परवा जाणवणार, तोवर मी डोंगर उतरून घरी आलेली असते. गेल्या श्रावणात पहिल्यांदा गेले तेव्हा बेसल तसेच ठेवून सकाळच्या नाश्त्याचे इन्सुलिन निम्मे घेतले, खिशात ग्लुकोज आणि पिशवीत गुळाच्या दशम्या ठेवल्या, आणि दर पाऊण तासाला काहीतरी खात राहिले. लो झाला नाही, पण चालण्यापेक्षा खाण्याचेच श्रम जास्त झाले. उलट्या-जुलाबाच्या दुखण्यातही हीच अडचण येणार. टोचलेले परत घेता येत नाही. त्या बदल्यात वेळेची लवचिकता मिळाली आहे. दोन डोसांमध्ये किमान आठ तास असले की वेळ मागेपुढे झालेली चालते. गडहिंग्लजला भाच्याच्या हळदीत मी रात्रीचा डोस विसरले, तो दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आल्यावर घेतला, आणि शुगर थोडी वर जाण्यापलीकडे काही बिघडले नाही.

अलीकडे नात्यातील एकाने आठवड्यातून एकदाच घ्यायच्या आयकोडेक इन्सुलिनची बातमी मोठ्या उत्साहाने पाठवली. सुईचा कंटाळा असणाऱ्यांना तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु टाइप वनच्या चाचणीत रोजच्या डेग्लुडेकच्या तुलनेत आयकोडेकवर लो जास्त आढळले होते, आणि ज्या इन्सुलिनचा निम्मा भाग संपायला एका दिवसाऐवजी आठवडा लागतो, त्याच्या बाबतीत माझ्यासारखीने बुधवारी रात्री दोन युनिट वाढवले तर काय होईल, याची कल्पना मी पासबुकाच्या मागच्या पानावरून करू शकते.

खर्चाचा विषय टाळत नाही. नवे पेन महाग आहे, पण फरक मला वाटला होता तितका पडला नाही. एका पेनमध्ये ३०० युनिट असतात. पूर्वी रोजचे बावीस आणि दोन वेळा सुई तपासण्यासाठी सोडून द्यायचे चार, असे सव्वीस जात, त्यामुळे पेन साडेअकरा दिवसांत संपे. आता सतरा आणि दोन मिळून एकोणीस जातात आणि पेन पंधरा दिवसांहून जास्त चालते. रोजची एक सुई वाचते ती वेगळीच. औषधाच्या दुकानात मात्र हे पेन दर वेळी हजर नसते. एकदा मला तीन दिवस थांबावे लागले, तेव्हापासून घरात एक पेन कायम शिल्लक ठेवते.

शिल्लक ठेवण्यामागे आणखीही एक कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले, वीज गेली आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. त्या वेळी फ्रिजमधली ग्लार्जिनची पेने मी प्लॅस्टिकच्या डब्यात घालून माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी राजारामपुरीला बहिणीकडे नेली. फ्रिजबाहेर ग्लार्जिन चार आठवडे टिकते. डेग्लुडेक तीस अंशांच्या आत ठेवले तर आठ आठवडे टिकते, आणि जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरात तीस अंशांच्या आत ठेवणे माठाला अवघड नाही. उन्हाळ्याचे तसे सांगता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागले की मी ४३ च्या धोका पातळीची वाट पाहत नाही. पेने, सुया, स्ट्रिप आणि ग्लुकोजचा डबा एका पिशवीत भरून दाराशी ठेवते. गेल्या पावसाळ्यात त्या पिशवीत एक जुने ग्लार्जिनचे पेनही होते. ते मुदत संपेपर्यंत ठेवायचे की डॉक्टरांकडे नेऊन द्यायचे, यावर आमच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही, आणि यांनी पहाटे तीनचा गजरही अजून काढलेला नाही.